माझ्यात हवा नव्हती

मित्रांनो, मी एक जुनी स्टेपनी आहे. स्टेपनी म्हणजे गाडीतलं जादा चाक. चारांपैकी एखादं रुसलं, की त्याच्या जागी लावायचं. आता माझी लोखंडी रिंग भंगारात गेली आहे, आणि मी पालघरजवळच्या दांडीच्या किनाऱ्यावर जमनाच्या होडीला दोरीनं बांधलेली असते. शेजारची होडी येऊन आदळू नये म्हणून मध्ये मी.

तरुणपणी मी रामकिसनच्या जीपचं पुढचं चाक होते. रामकिसन लातूरकडून बोईसरला आलेला, भाड्यानं जीप चालवायचा. एकदा मनोरच्या रस्त्यावर मला खिळा लागला. ट्यूबला ठिगळ लावून त्यानं मला जीपच्या मागच्या भागात, लोकांच्या पायांशी टाकलं. तरी तो उतारूंना माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "मागं स्टेपनी आहे, घाबरायचं काम नाही." ते ऐकून मी फुगून जायचे. पण ठिगळ कच्चं होतं. माझ्यातली हवा रोज थोडीथोडी निघून जात होती, आणि दोन वर्षांत कुणी मला हात लावून पाहिलं नव्हतं.

पंच्याऐंशीच्या डिसेंबरातली गोष्ट. बोईसरला राहणाऱ्या मंदाच्या नवऱ्याची राजस्थानात बदली झाली होती. तो पुढे गेला होता आणि रविवारी संध्याकाळी पालघरहून मंदाची गाडी होती. ती चुकली, तर पुढचं रिझर्वेशन कधी मिळेल कोण जाणे. तिच्या मैत्रिणींनी ठरवलं, जायच्या आधी दोन दिवस हिला फिरवून आणू. मैत्रिणी तरी किती जुन्या? जमना दारावर मासळी घेऊन यायची, तिथून ओळख झालेली. आणि नर्मदा तर तीन महिन्यांपूर्वीच बोईसरला आलेली, कडेवर वर्षाची मुलगी, सोनू.

शनिवारी दुपारी मंदाची ट्रंक रामकिसनच्या जीपमध्ये टाकून निघालो. नर्मदा मागे माझ्याजवळ बसली. थोडं पुढे गेल्यावर तिनं हळूच विचारलं, ब्रेक जरा वाजतोय का? रामकिसन म्हणाला, "वहिनी, गाडी तुम्ही चालवता का मी चालवू?" सगळे हसले. नर्मदाही हसली, पण तिचे कान लाल झाले.

मग सोनू माझ्यावर उभी राहून नाचू लागली आणि तिचा इवलासा पाय माझ्या कुशीत रुतला. नर्मदानं तिला उचललं आणि मला अंगठ्यानं दाबलं. मी आत गेले. तिनं पुन्हा दाबलं. तिला कळलं. मला वाटलं, आता बोलेल. तिनं पुढे पाहिलं, रामकिसनच्या पाठीकडे, आणि फडकं पसरून मला झाकून टाकलं.

दांडीला जमनाच्या घरी जेवणं झाली, मुक्काम झाला. सगळ्यांना झोप लागली, माझा जीव मात्र टांगणीला. रविवारी पालघरमधून मासवणला जाताना पंक्चरवाल्यांची दुकानं लागली. नर्मदानं तोंड उघडलं आणि सोनूची टोपी सारखी केली. दुकानं मागे पडली.

मासवणला सूर्या नदीकाठी मंदानं पाण्यात पाय सोडले, जमनानं तिला राजस्थानात मासळी मिळणार नाही म्हणून चिडवलं. चारला परत निघालो. मैलभर गेलो नाही तोच पुढचं चाक बसलं.

रामकिसननं जॅक लावला, मला लावलं, जीप खाली घेतली. आणि मी, मित्रांनो, भाकरीसारखी चपटी झाले.

मंदा मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. मग नर्मदा म्हणाली, "मला कालच कळलं होतं."

"मंग तोंडात काय बोंबील धरलेला?" जमना म्हणाली.

"मी नवीन. परत हसाल असं वाटलं."

रामकिसन खाली बघत नट फिरवत राहिला. मंदाच म्हणाली, "काल हसले त्यात मीपण होते गं."

तेवढ्यात गवताच्या गाठी भरलेला ट्रक आला. केबिनमध्ये दोघांपुरतीच जागा होती. एक मंदा. रामकिसन मला घेऊन पुढे झाला, तर नर्मदा म्हणाली, "तुम्ही जीपजवळ थांबा. स्टेपनी मी नेते. ठिगळाजवळून हवा जाते, तेही सांगते पंक्चरवाल्याला."

या वेळी तो हसला नाही. "सांगा वहिनी," म्हणाला आणि मला गाठींवर चढवलं, मंदाच्या ट्रंकेशेजारी. सोनूला जमनानं काखेत घेतलं. पोर रडली नाही, म्हणून नर्मदाच रडली.

पालघरला स्टेशनजवळच्या दुकानात मला टाकून दोघी ट्रंक धरून पळाल्या. पंक्चरवाल्यानं माझी ट्यूब पाण्यात बुडवली आणि ठिगळाखालून बुडबुडे वर आले. दोन वर्षं मनात होतं ते असं बाहेर आलं. पण माझं लक्ष स्टेशनाकडे. गाडीची शिटी झाली. दोघी पोचल्या असतील का? माझ्यात हवा असती तर एवढं पळावं लागलं असतं का?

बऱ्याच वेळानं नर्मदा आली. हात रिकामे, तळव्याला ट्रंकेच्या कडीचा लाल वळ.

"मिळाली का गाडी?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"मिळाली. दारात उभी राहून ओरडत होती, हवा नीट भरून घे म्हणून."

मला एका टेम्पोत घालून ती जीपपाशी परतली. त्या संध्याकाळी मासवणहून बोईसरपर्यंत मी रस्त्यावर धावले, आणि नर्मदा पुढच्या सीटवर बसली.

पुढे जीप विकताना रामकिसननं मला जमनाला देऊन टाकलं. मित्रांनो, प्रवासाला निघाल तेव्हा स्टेपनी दाबून बघा. आणि मागे कुणी नवीन माणूस गप्प बसलं असेल, तर वळून त्यालाही विचारा. ते सांगेल ते ऐकून घ्या, हसायला पुढे पुष्कळ रस्ता असतो.

जमना होडी बांधताना अजून मला अंगठ्यानं दाबून बघते. आता मला हवा लागत नाही, हे तिला ठाऊक आहे.