हिंजवडीतली केटी

पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत कोणी नापास होत नाही, फक्त केटी लागते. विषय राहतो, पण ‘नापास’ हा शब्द घरच्यांच्या तोंडी उरतो. नांदेडच्या सुदर्शनलाही शेवटच्या वर्षी एक केटी लागली होती आणि अजून सुटली नव्हती. ती लपवून तो हिंजवडीतल्या एका आयटी कंपनीत रुजू झाला. तिथे एकही केटी चालत नसे.

पहिल्याच सकाळी टीम लीड वल्लरी आपटे म्हणाल्या, “सुदर्शन, तुमच्या केटीचं आज बघून टाकू.”

सुदर्शन पुढे झुकून हळूच म्हणाला, “मॅडम, एकच आहे. ऑक्टोबरला नक्की निघेल. फक्त घरी कळवू नका.”

वल्लरीबाईंनी चष्मा काढून पुसला.

“अहो, इथे केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. जुन्या माणसानं नव्याला काम समजावून द्यायचं. मी तेवढंच म्हणत होते.”

“मग आता, मॅडम?”

“आता काय? आमच्याकडची माहिती तुम्हाला मिळायची होती, तुमच्याकडची आम्हाला मिळाली. छान समजावलंत. एचआर तिसऱ्या मजल्यावर आहे, त्यांनाही आपणच समजावून या.”