रविवारी फोन एंगेज असायचा

रशियातल्या आमच्या शहरात ओब्वोद्नी कालव्याजवळच्या त्या घराचं आता छोटं हॉटेल झालंय म्हणतात. मी काही बघायला गेले नाही. माझ्या डोळ्यांपुढे तो फ्लॅट जसा होता तसाच आहे: खोल्या पुष्कळ, बिऱ्हाडं तेवढीच, स्वयंपाकघर एक आणि फोन एक. फोन लांबलचक बोळात भिंतीवर टांगलेला असायचा, माझ्या दाराला अगदी लागून. त्याच्या भोवतीचा वॉलपेपर नंबर लिहून लिहून काळा झाला होता. त्यांतले कित्येक नंबर मेलेल्या माणसांचे होते, पण ते खोडायचं सगळ्यांच्याच जिवावर येई.

दार जवळ, म्हणून फोन मी उचलायचा आणि ज्याचा असेल त्याला हाक मी मारायची, हे कोणी न ठरवता ठरून गेलं होतं. आवाज माझा होताच तसा. ट्राम डेपोत माइकवरून ड्रायव्हर लोकांवर ओरडण्यात माझी नोकरी गेली. निवृत्तीनंतर आवाज शिल्लक राहिला, ओरडायला माणसं उरली नाहीत.

माझा मुलगा वेन्या टोरांटोला गेला तेव्हा पहिली काही वर्षं न चुकता दर रविवारी फोन करायचा. आमच्याकडे दिवस कलायला लागलेला, त्याच्याकडे सकाळ. मग एकाआड एक रविवार झाला. मग सणावारी. मी मात्र रविवारचं जेवण आवरलं की स्टूल दाराशी ओढून विणकाम घेऊन बसायची. समोरच्या खोलीतली कापितोलिना चहाची किटली घेऊन जाता-येता बोलायची, "बसल्या बाई सिंहासनावर. अगं, पायमोजे विणतेस की गालिचा? तीन वर्षं तोच लोकरीचा गुंडा बघतेय."

"तुझं तोंड शिवायला दोरा उरवतेय," मी म्हणायची.

अशात उल्याना राहायला आली, कोपऱ्यातल्या अरुंद खोलीत. पेत्रोझावोद्स्कची पोर, हडकुळी, आखूड केसांची. सामानात एक सुटकेस आणि गोधडीत गुंडाळलेला कॉम्प्युटर. दिवसा कुठल्याशा ऑफिसात सॉसेजच्या पाकिटांवरची चित्रं काढायची आणि घरी आल्यावर स्वतःची. ती चित्रं हलायची, बोलायची. गोशा नावाचा एक माणूस तिनं काढला होता, चार रेघांचा, कानटोपी घातलेला. त्याची ट्राम चुकायची, दुकानात पोचेस्तोवर पाव संपलेला असायचा, अंगाला साबण लावला की उन्हाळ्यातली गरम पाण्याची कपात सुरू व्हायची. बस, इतकंच. दर सोमवारी नवा भाग इंटरनेटवर यायचा आणि देशभरची ऑफिसातली माणसं सकाळच्या चहाबरोबर कामाआधी तो बघायची. त्या काळी इंटरनेट घरांत कमी, ऑफिसांतच जास्त.

मी त्यात शिरले ती दिव्यामुळे. आमच्या स्वयंपाकघराच्या छताला प्रत्येक बिऱ्हाडाचा वेगळा दिवा होता, बटण आपापल्या खोलीत. दुसऱ्याच्या दिव्याखाली स्वयंपाक करणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं. उल्यानाला याचं भान नसे. एकदा मी तिच्या दाराशी उभी राहून तिला झाडायला सुरुवात केली, "उल्याना! माझ्या उजेडात तुझे बटाटे उकळतायत! तुझा दिवा काय म्युझियमला देणार आहेस?"

दार उघडलं. पोरीचे डोळे चमकत होते.

"रिम्मा अर्कादियेव्हना, पुन्हा म्हणा ना. अगदी असंच! माइक चालू होता, पण मध्येच माझी खुर्ची वाजली."

"वेडबिड लागलंय का तुला?"

"हो. म्हणा ना, प्लीज."

म्हटलं. अशी मी गोशाची शेजारीण झाले. पडद्यावर माझं चित्र नव्हतं, नुसतं एक तपकिरी दार आणि आतून माझा आवाज. मला जरा लागलं ते. म्हटलं, "मी काय इतकी बघवत नाही?"

"तसं नाही हो," ती म्हणाली. "तुम्हाला काढलं तर एकच बाई होईल. दार असलं की ज्याला त्याला आपापली दिसते."

प्रश्न होता फोनचा. भाग इंटरनेटवर चढवायचा तर तिला तिची मोडेमची पेटी आमच्या फोनला जोडावी लागे, आणि तो चढेपर्यंत तासन्‌तास फोन बंद. सोमवारी सकाळी लोकांना मिळायला हवा म्हणून हे काम रविवारी दुपारचंच. स्वयंपाकघरात सगळे जमले. कापितोलिनानं हात कमरेवर ठेवले.

"मी बहिणीशी केव्हा बोलू? आणि या रिम्माचा मुलगा? तो रविवारीच करतो ना फोन?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. उल्यानाचा चेहरा उतरला होता.

"करू दे तिला," मी म्हटलं. "नाही लागला तर वेन्या पुन्हा लावेल."

त्या रविवारपासून माझ्या आयुष्यातले बरे दिवस सुरू झाले, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटायचं नाही. मी स्टुलावर बसायची, अधूनमधून रिसीव्हर कानाला लावायची. आत ती पेटी किंचाळत, घोगरत असायची. मी हळूच रिसीव्हर ठेवायची. म्हणजे तिकडे एंगेज लागत असणार. वेन्या खिडकीशी उभा राहून नंबर फिरवतोय, वैतागतोय, कॉफी करून येतोय, पुन्हा फिरवतोय, हे मला अगदी समोर दिसायचं. फोन येत नव्हता, पण न येण्याला आता कारण होतं. हात भराभर चालायचे. पायमोज्यांची एक जोडी पुरी झाली. कापितोलिनानं ती हातात घेऊन फिरवून बघितली आणि चक्क नीट घडी घालून परत दिली.

उन्हाळा संपता संपता एका संध्याकाळी उल्याना केक घेऊन धावत आली. गोशा आवडणाऱ्या कोणा कंपनीनं तिच्यासाठी गच्चीवरून वेगळी तार टाकून दिली होती, थेट तिच्या खोलीत.

"आता फोनला हात नाही लावायचा मी! रिम्मा अर्कादियेव्हना, तुमचा रविवार मोकळा!"

"घे," कापितोलिना म्हणाली, "आता लेकाशी पोटभर बोल."

मी केक कापला. सगळ्यात मोठा तुकडा उल्यानाला दिला. तिनं प्रेमानंच केलं होतं.

पुढच्या रविवारी रिसीव्हर उचलला तर आत नुसता स्वच्छ, लांब, एकसुरी आवाज. लाइन मोकळी होती. मी तो घाईनं ठेवला, माझ्या ऐकण्यानंच एंगेज लागायचा म्हणून. मग बसले. फोन वाजला तेव्हा कापितोलिनाची बहीण होती. पुढच्या रविवारी तेवढंही नाही. विणकामाचे टाके सुटायला लागले. उल्याना बोळातून जाताना पाय न वाजवता जायची. तिला कळलं होतं बहुतेक.

पहिला बर्फ पडला त्या आठवड्यात, भर मंगळवारी, मी बीट किसत असताना फोन वाजला.

"आई! आई, ती तूच ना? दारामागची?"

"वेन्या?"

"ऑफिसातले सगळे रशियन सोमवारी एका कॉम्प्युटरपुढे जमतो आम्ही. काल म्हटलं, ही माझी आई आहे, तर कोणी मानेचना! आत्ता सगळे इथेच उभे आहेत. ते बटाट्यांचं म्हण ना एकदा. जोरात!"

हातावरून बिटाचा लाल रस ओघळत होता. मी म्हटलं. जोरात म्हटलं. समुद्रापलीकडे खूप माणसं एकदम हसली, कोणी टाळ्या वाजवल्या.

"बघा, म्हटलं नव्हतं!" तो त्यांना सांगत होता. मग मला म्हणाला, "आई, इतकं बरं वाटलं. फोन करायचा राहून जातो, मनाला टोचणी असते. आता दर सोमवारी तुझा आवाज ऐकतो, कळतं की ठणठणीत आहेस."

"वेन्या, माझा गुडघा रे, हल्ली..."

"काय? इथे गोंगाट आहे फार. बोलावतायत मला, आई. चल, सोमवारी भेटू!"

सोमवारी भेटू. त्याला मी भेटणार होते. मला तो नाही.

तो हिवाळा मी असाच जाऊ दिला असता. पण एकदा उल्याना माइक घेऊन आली तेव्हा तोंडातून निघून गेलं, "या खेपेला माझ्याशिवाय कर."

"बरं नाही का?"

"बरी आहे. दार असू दे. आतून आवाज नको."

तिनं माइकची वायर गुंडाळली. "गोशा दार वाजवेल मग," ती म्हणाली.

"वाजवू दे."

त्या भागात गोशानं शेजारणीच्या दिव्याखाली दूध करपवलं आणि शिव्या खायला मान खाली घालून उभा राहिला. आतून कोणी ओरडलं नाही. त्यानं दार वाजवलं. मुद्दाम पातेलं आपटलं. शेवटी कानटोपी काढून दाराशी बसला. संपला भाग.

सोमवारी मी स्टूल बाहेर काढलं. सोमवारी मला तिथे पाहून कापितोलिनाच्या भुवया वर गेल्या. फोन वाजला, तिची बहीण. मी हाक मारली. फोन वाजला, कोणाला तरी दवाखाना हवा होता. मंगळवारी तिसऱ्या खोलीतल्या विद्यार्थ्याचे मित्र.

बुधवारी उल्याना स्वयंपाकघरात कागद घेऊन आली. इंटरनेटवरून पत्रांचा नुसता ढीग आला होता. ओम्स्कहून, चितामधून, रीगाहून, हैफाहून. "आजीबाई कुठे आहेत?" "गोशा, दार तोड, मूर्खा!" "डॉक्टरला बोलवा कोणीतरी." एका माणसानं लिहिलं होतं की भाग बघून तो ऑफिसातून उठला आणि तडक आईकडे गेला.

"टोरांटोहून?" कापितोलिनानं विचारलं. तिनं विचारलं म्हणून मला विचारावं लागलं नाही.

उल्यानानं कागद चाळले, पुन्हा चाळले. "सगळी वाचून व्हायचीत अजून," ती म्हणाली.

मी हात पुसले. "माइक आण."

"आत्ता?"

"लोकांना घोर लावून ठेवायचा का?"

तिच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून मी बोलले, "काय रे, मेले वाटलं का मी? बाजारात गेले होते, बीट आणायला. आणि माझ्या उजेडात दूध कोणी करपवलं?"

उल्याना प्रत्येक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायची. त्या दिवशी एकदाच घेतलं आणि तोंड पडद्याकडे वळवलं.

नव्या वर्षाला वेन्याचा फोन आला, शुभेच्छांचा.

"आई, तो बीटवाला भाग! आम्ही हसून हसून लोळलो."

"आणि त्याच्या आधीचा?"

"आधीचा कुठला? चुकला वाटतं. त्या आठवड्यात फार काम होतं गं."

"काही खास नव्हता," मी म्हटलं.

सणाचे दिवस सरल्यावर मी उल्यानाचं दार वाजवलं. "ती तुझी जुनी पेटी अजून आहे का? किंचाळणारी?"

"आहे कपाटावर. का?"

"रविवारी दुपारी जोडत जा आमच्या फोनला."

"अहो, पण आता तिचा उपयोग..." ती बोलता बोलता थांबली. मग खुर्चीवर चढली आणि पेटीवरची धूळ फुंकली.

रविवारी जेवण आवरून मी स्टूल ओढलं. थोड्या वेळानं कापितोलिना बहिणीला फोन करायला आली. रिसीव्हर कानाला लावला, आतलं किंचाळणं ऐकलं, आणि ओरडायला तोंड उघडलं. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. रिसीव्हर जागेवर ठेवला, आपल्या खोलीतून स्वतःचं स्टूल आणलं आणि माझ्या शेजारी मांडलं.

"एंगेज आहे," ती म्हणाली, आणि लोकरीचा गुंडा माझ्या हातातून घेऊन गुंता सोडवायला लागली.