गाडी कोण चालवत होतं?

पॉलिसीची बत्तीस पानं मी तीन दिवस भिंग घेऊन वाचली, आणि चौथ्या दिवशी मला वाटायला लागलं की विमा कंपनीने मला नोकरीवर ठेवायला हरकत नाही. छत्तीस वर्षं मी एका कंपनीच्या मोठ्या साहेबांची गाडी चालवली, पण विम्याचा कागद कधी हातात धरला नव्हता. तो ऑफिसातल्या कारकुनाच्या कपाटात असायचा. निवृत्तीनंतर, वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, हे नवं शास्त्र मला सापडलं आणि मी सगळं घर वेठीला धरलं.

सगळं घर म्हणजे माझी मुलगी. तिची आई जाऊन चार वर्षं झाली, आता आम्ही दोघंच. मुलगी फिजिओथेरपिस्ट आहे. ज्यांना अंथरुणातून उठवत नाही अशा पेशंटांच्या घरी जाऊन ती त्यांच्याकडून व्यायाम करून घेते. घडीचं टेबल, पट्टे, वजनं असा तिचा सगळा संसार गाडीच्या डिकीत असतो. गेल्या आठवड्यात एका पेशंटच्या फाटकातून मागे येताना तिने गाडी दगडी खांबावर घातली. मागचा दरवाजा आत गेला, दिवा फुटला, पत्रा चाकाला टेकला. विमा मिळाला तर गाडी पंधरा दिवसांत रस्त्यावर येणार होती. नाही मिळाला तर आहे तशी विकायची आणि पेशंट दुसऱ्या कुणाला तरी द्यायचे, एवढंच तिच्या हातात होतं.

अशा वेळी बापाने धीर द्यावा. मी व्याख्यानं दिली. नो क्लेम बोनस म्हणजे वर्षभर काही मागितलं नाही तर पुढच्या हप्त्यात सूट, हे मी तिला चहाच्या कपावर समजावलं. घसारा म्हणजे भाग जुना झाला म्हणून कापायची रक्कम, आणि प्लॅस्टिकला तो सरसकट निम्मा, हे जेवताना. थर्ड पार्टी म्हणजे ज्याला आपण धडकलो तो, तेव्हा इथे थर्ड पार्टी खांब, असंही मी ठासून सांगितलं. खांबाला ओरखडासुद्धा उठला नव्हता, हे तिने मला हळूच सांगितलं. बत्तीसपैकी एकच पान मी न वाचता उलटलं. त्यावर ‘चालकाविषयीच्या अटी’ असं लिहिलं होतं. चालकाविषयी हे लोक मला काय शिकवणार, असा माझा विचार.

विमा कंपनीचा सर्व्हेअर नुकसान तपासायला गॅरेजमध्ये आला. माझ्या मुलीपेक्षाही लहान, पण मी सवयीने त्याला साहेब म्हटलं आणि तो अवघडला. त्याने गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढले, वाकून चाकाशी टॉर्च मारला. तेवढ्यात मुलीला पेशंटचा फोन आला आणि ती बोलत बोलत बाहेर गेली. मी संधी साधून त्याच्याशी घसाऱ्यावर चर्चा सुरू केली. तो ऐकून घेत होता. मग त्याने मांडीवरचा फॉर्म सरळ केला आणि विचारलं, “काका, गाडी कोण चालवत होतं?”

“मी,” मी म्हणालो.

विचार करून म्हणालो असतो तर निदान मला दोष तरी देता आला असता. पण ते आपोआप आलं, शिंक यावी तसं. आमच्या कंपनीत ड्रायव्हर लोकांचा एक रिवाजच होता. साहेबांच्या घरच्या कुणीही गाडी ठोकली की वहीत चालवणारा म्हणून नाव ड्रायव्हरचं. मोठ्या साहेबांचा मुलगा कॉलेजात असल्यापासून गाडी बाहेर काढायचा आणि महिन्या-दोन महिन्यांनी कुठे ना कुठे घालायचा. कारकून वही घेऊन विचारायला आला की मी म्हणायचो, मी चालवत होतो. मोठे साहेब खांद्यावर हात ठेवायचे. तेवढ्याने मी हुरळून जायचो. ही गोष्ट आपल्यातच, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मी ती घरातसुद्धा उघड केली नाही. शब्दाला पक्का माणूस मी, मोठा हरिश्चंद्रच. वहीत माझ्या नावावर अकरा अपघात जमले आणि बाहेरच्या टॅक्सी स्टँडवरच्या ड्रायव्हरांनी माझं नाव ठोकराव ठेवलं. ते आमच्या गल्लीपर्यंतही पोचलं.

“तुमचं लायसन्स दाखवता?” सर्व्हेअर म्हणाला.

मी पाकीट काढलं, उघडलं आणि परत मिटलं. लायसन्स संपून आठ महिने झाले होते. नूतनीकरणाला गेलो तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरने भिंतीवरचा तक्ता वाचायला लावला. वरचं मोठं अक्षर मी वाचलं, तेही मला आधीपासून माहीत होतं म्हणून. खालच्या ओळी म्हणजे मुंग्यांची रांग. घरी येऊन मी मुलीला सांगितलं की गुडघा दुखतो, म्हणून आता गाडी नको. ती पडली फिजिओथेरपिस्ट. गेले आठ महिने ती रोज सकाळी माझ्याकडून गुडघ्याचे व्यायाम करून घेते आहे. माझे गुडघे आता विशीतल्या पोरासारखे झाले आहेत.

मी सांगून टाकलं की लायसन्सची मुदत संपली आहे. त्याने पेन खाली ठेवलं. चालवणाऱ्याकडे चालू लायसन्स नसेल तर गाडीच्या नुकसानीचा दावा पूर्ण बाद होतो, असं तो म्हणाला. “चालकाच्या अटींत आहे, काका. तुम्ही तर सगळी पॉलिसी वाचली आहे.”

नेमकी तेव्हाच मुलगी आत आली. काय चाललंय ते तिला कळलं आणि ती म्हणाली की गाडी ती चालवत होती. सर्व्हेअरने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. लायसन्सचं अडलं की चालवणारा बदलतो, हे त्याने रोज पाहिलेलं असणार. तो शांतपणे म्हणाला, “ताई, यांनी आधी स्वतःचं नाव सांगितलंय. खरं तुमचं असेल तर हे खोटं का बोलले, तेही मला रिपोर्टमध्ये लिहावं लागेल.”

मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिचं खरं बोलणं माझ्यामुळे खोटं ठरत होतं. मी म्हणालो, “मी चालवत नव्हतो. मला चालवता येणारच नाही. त्या समोरच्या गाडीचा नंबरसुद्धा मला इथून दिसत नाही. डोळ्यांनी दगा दिला त्याला आठ महिने झाले.” आणि मग त्या पोराला, गॅरेजच्या बाकावर बसून, मी सगळं सांगितलं. साहेबांचा मुलगा, कारकुनाची वही, अकराच्या अकरा अपघात. त्यातला एकही माझा नव्हता. छत्तीस वर्षांत माझ्या हातून गाडीला साधा ओरखडा पडला नव्हता.

त्याने पेशंटच्या घरी फोन लावला. त्यांच्या सुनेने खिडकीतून सगळं पाहिलं होतं. खांबावर गाडी घालणारी ताईच होती, असं तिने जरा जास्तच उत्साहाने सांगितलं. सर्व्हेअरने नवा फॉर्म घेतला, त्यावर मुलीचं नाव लिहिलं, तिची सही घेतली. दावा मंजूर व्हायला अडचण येऊ नये, म्हणाला. जाताना त्याने मला वाकून नमस्कार केला. कशासाठी ते मी विचारलं नाही.

आम्ही रिक्षाची वाट बघत गॅरेजच्या दाराशी उभे राहिलो. गुडघ्याबद्दल ती आता फैलावर घेणार म्हणून मी तयारीत होतो. पण तिच्या मनात दुसरंच होतं.

“आईला माहीत होतं?” तिने विचारलं.

“नाही. कुणालाच सांगितलं नव्हतं.”

“आई तुमच्या गाडीत कायम मागे बसायची.”

त्यावर मला हसूच आलं. कधीमधी साहेब गाडी घरी न्यायची परवानगी द्यायचे, तेव्हा ही मागच्या सीटवर जाऊन बसायची. अगदी साहेबीणबाई. मीही उतरून तिला दार उघडून द्यायचो, सलाम ठोकायचो. आमची ती गंमत होती, असं मी मुलीला सांगितलं.

“गंमत नव्हती हो, बाबा,” मुलगी म्हणाली. “तिला भीती वाटायची. मलाही मागे ओढून घ्यायची. म्हणायची, बाबांना बोलू नकोस, वाईट वाटेल त्यांना.”

रिक्षा आली. मुलगी आत बसली आणि माझ्यासाठी सरकली. मीही मागेच, तिच्या शेजारी बसलो.