बिल्गाकाकांचा हात

मित्रांनो, मी एक जुना चांदीचा कटोरा आहे. यरुशलेमच्या मंदिरात मला खुंटीला टांगून ठेवतात, कारण मला टेकायला सपाट बूडच नाही. कारागिराने माझा तळ मुद्दाम निमुळता घडवला. माझ्यात बळी दिलेल्या जनावराचे रक्त धरतात आणि गोठलेले रक्त चालत नाही. याजकाने, म्हणजे मंदिरातल्या पुजाऱ्याने, मला कुठे टेकवून विसरू नये, म्हणून ही युक्ती. त्यामुळे जन्मभर कुणाच्या तरी हातात राहणे आले. मला पडण्याची फार भीती वाटते.

पुष्कळ वर्षे मी बिल्गाकाकांच्या हातात होतो. ते मला राखेने घासत, माझ्याशी पुटपुटत. मग म्हातारपणाने त्यांचा हात थरथर कापू लागला. हात कापू लागला की याजकाने वेदी सोडायची, असा आमच्याकडचा नेम. काकांनी दोन वर्षे हात बाहीत लपवला. मीही त्यांच्या बाजूने गप्प राहिलो.

मग कराराचा दिवस आला. आमच्या वाडवडिलांनी परमेश्वराला दिलेला शब्द मोडला, म्हणून शहर जळाले आणि लोक परमुलखात गेले. परत आलेल्यांना तोच शब्द पुन्हा द्यायचा होता. सगळे अंगण माणसांनी भरले होते. बळीचे अर्धे रक्त वेदीवर शिंपडले. उरलेले दोन कटोऱ्यांत होते, ते कराराच्या ग्रंथाचे वाचन संपल्यावर लोकांवर शिंपडायचे. त्याशिवाय करार पुरा होणार नव्हता. एका बाजूला मी काकांच्या हातात, दुसऱ्या बाजूला माझा जुळा भाऊ मल्लूखच्या हातात. मल्लूख तरुण याजक, हाताचा स्थिर आणि जिभेचा तिखट.

"काका, कटोरा तुम्ही धरलाय, की कटोऱ्याने तुम्हाला?" तो हळूच म्हणाला. "आजचं पार पडू दे. उद्या मी प्रमुख याजकांच्या कानावर घालणार."

वाचन सुरू झाले. जुनी भाषा लोकांना कळेना, म्हणून लेवी, म्हणजे मंदिराचे सेवक, दर वाक्याला थांबून घरच्या बोलीत अर्थ सांगत होते. ऊन चढले तरी वाचन संपेना. शब्द मोडणाऱ्यांचे शाप आले तेव्हा माणसे हमसून रडू लागली. एका बाईने लेकराचे कान झाकले. रक्त माझ्या काठापर्यंत येई, मागे जाई, पुन्हा येई. पूर्वी वेदीसमोर चूक करून देवाच्या अग्नीत जळून गेलेल्या दोन याजक भावांची गोष्ट मला ठाऊक होती. मी घाबरून गेलो होतो. मल्लूख मात्र दगडासारखा स्थिर उभा होता, आणि मला माझ्या भावाचा हेवा वाटत होता.

अखेर सगळे लोक एका आवाजात "आम्ही पाळू" म्हणाले. मल्लूखने कटोऱ्यात बोटे बुडवली आणि त्याचा चेहरा उतरला. त्याच्या कटोऱ्यातले रक्त दह्यासारखे घट्ट झाले होते. माझ्यातले पातळ होते. काकांच्या कापऱ्या हाताने रक्ताला क्षणभरही स्थिर राहू दिले नव्हते.

"काका," मल्लूख जवळ येऊन म्हणाला. "थोडं मला द्याल?"

"जा, ते टाकून भांडं धुऊन आण. आणि ओतताना माझा हात धर. सांडायला नको."

मल्लूख धावत गेला आणि आला. मग त्याने काकांचे मनगट धरले. दोघांनी मिळून सगळ्या अंगणावर रक्त शिंपडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतःच प्रमुखांपुढे गेले आणि बाहीतून हात बाहेर काढला. मल्लूख मागोमाग धावला. म्हणाला, "मी काही बोललो नाही, काका."

"ठाऊक आहे. काल सगळ्यांबरोबर मीही हो म्हटलं ना? आता लपवून कसं चालेल?"

तेव्हापासून काका कोठीत बसून वेदीसाठी आणलेल्या लाकडांतून किडकी बाजूला काढू लागले. मी मल्लूखकडे आलो. तो घासताना घाई करतो, माझ्या काठावर डागही राहतात. पण वाचन लांबले, की तो स्थिर हाताचा माणूस मनगट बारीक हलवू लागतो, अगदी काकांसारखे. मी डोळे मिटल्यागत होतो आणि माझी भीती थोडी कमी होते.

मित्रांनो, तुमच्या घरीही कुणाचा हात कापत असेल. त्यांच्या हातातले भांडे घाईने काढून घेऊ नका. आधी खाली आपला हात धरा.