भाकरीच्या वेळेचा भोंगा

मी नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचा भोंगा बोलतोय. दचकू नका. अजून वाजलेलो नाही, नुसता बोलतोय.

मुंबईच्या ओतशाळेत मी पितळेचा घडलो आणि इथे बॉयलरच्या छपरावर येऊन बसलो. बॉयलरवरच्या रंगनाथने साखळी ओढली की पोटात वाफ शिरते आणि मी ओरडतो. पाळी बदलली की मी, जेवायची सुट्टी झाली की मी. माझ्या आवाजावर वाडीत तवे चढत. दुपारी मी वाजलो की राहीबाई फडक्यात भाकरी बांधून निघायची. तिचा नवरा सूर्यभान ऊस टाकायच्या गव्हाणीवर कामाला. मला वाटायचं, माझं दुसरं नाव भूकच असावं.

मग एकाहत्तरचा डिसेंबर आला. लढाई जुंपली. सरकारी हुकूम सुटले: दिवे झाका, काचांना कागद चिकटवा, चर खणा. आणि भोंगा आता पाळीला नको! तो हेलकावे देत वाजला तर विमानं आली समजा. सरळ वाजला तर धोका टळला.

सराव भर दुपारी ठेवला. रंगनाथ साखळी ओढी, सोडी, पुन्हा ओढी. माझा आवाज मलाच ओळखू येईना. सगळे चरात, आणि मोकळ्या वाटेवरून राहीबाई चाललेली, डोक्यावर भाकरी.

तालुक्याहून आलेले साहेब ओरडले, "बाई, आडव्या पडा!"

"आडवी पडू? मंग ह्यांना जेवायला कोन घालील? तुमी?"

चरात हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "वरून बॉम्ब पडला तर भाकरीही राहणार नाही आणि तुम्हीही नाही."

राहीबाईचं तोंड एकदम उतरलं. तिचा मुलगा गहिनीनाथ फौजेत, सरहद्दीवर होता.

लढाई थांबली, चर बुजले. मला पुन्हा जेवणाच्या सुट्टीला वाजवलं. सरळ, पोटभर ओरडलो मी. पाहतो तर राहीबाई वाटेवर पालथी पडलेली, हात कानांवर, भाकरी धुळीत.

सूर्यभान धावला. "ऊठ, येडे. जेवायची सुट्टी झालीय. लढाई सरली आता."

"गहिनीकडं बी असाच वाजत आसल का हो? त्याला आडवं पडायला कुनी सांगितलं आसल का?"

सूर्यभानने भाकरी उचलून झटकली.

गहिनीनाथ अजून रजेवर आलेला नाही. राहीबाई हल्ली मी वाजायच्या आधीच येते. मोकळ्या वाटेवर सापडायला नको म्हणून. माझ्याखालच्या भिंतीला पाठ लावून, कान झाकून बसते.

गहिनीनाथा, लवकर ये रे. आत्ताही ती तिथेच बसलीय. रंगनाथचा हात साखळीवर गेलाय, आणि वाफ अडवणं मला येत नाही.