कार्ड दाखवा, मूल न्या

आमचं वाचनालय वर्षभर सुस्तावलेलं असतं. जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन, अंथरुणाला खिळलेल्या वाचकांना घरपोच पुस्तकं, वर्षाअखेर उत्तम वाचकाला बक्षीस, एवढं केलं की आमची धाव संपली. पण शाळांना मोठी सुट्टी लागली की मुलांचं वाचन शिबिर सुरू होतं आणि मला पाणी प्यायला फुरसत मिळत नाही. गोष्टी मी सांगते, भांडणं मी सोडवते आणि नाकंही मीच पुसते.

पूर्वी मूल कुणाच्या हाती द्यायचं हे मी तोंड बघून ठरवायचे. यंदा नवे ग्रंथपाल आले. माणूस वाईट नाही, पण नियमांचा भारी सोस. आल्या आल्या त्यांनी दारावर पाटी ठोकली: कार्ड दाखवा, मूल न्या. मुलाचं वाचनालयाचं कार्ड ज्याच्या हातात, त्याच्याबरोबर मूल घरी. पहिल्याच दिवशी एका आजोबांना त्यांनी भर उन्हात कार्ड आणायला माघारी पाठवलं. ते आजोबा रोज आमच्याकडे पेपर वाचत बसतात, त्यांना कोण ओळखत नाही? मी नुसती धुसफुसत राहिले. साहेबांपुढे बोलायची सोय नाही.

शिबिरात एक चिमणी होती. आवाज इतका बारीक की मुलांनीच तिचं नाव चिमणी करून टाकलेलं. तिची आई कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे काजं-बटणं करायची. पोरीचं नाव घालायला आली तेव्हा तिनं मला कपाटाआड नेलं आणि बाही वर केली. दंडभर भाजल्याचे डाग होते.

"ताई, माझ्याशिवाय कुणाकडे पोर देऊ नका," ती म्हणाली. "तिच्या बापाकडे तर नाहीच नाही. तो परत आलाय. एकदा नेली तर ती मला पुन्हा दिसायची नाही."

मी तडक ग्रंथपालांना सांगितलं, तर ते उलट खूश. म्हणाले, बघा, म्हणूनच तर नियम हवेत, कार्ड आईकडे असलं की पोर आईकडेच जाणार. त्या बिचारीला ते पटलं. तिनं कार्डाला भोक पाडून दोरा ओवला आणि ते गळ्यात घातलं. झोपतानाही काढत नाही म्हणायची.

एका संध्याकाळी गोष्ट संपली, मुलं एकेक करून गेली. चिमणी एकटीच चित्रांचं पुस्तक उघडून बसली होती. तिची आई कधी उशीर करत नसे. मी उगीचच दाराशी जाऊन रस्ता बघून आले, पुन्हा गेले, पुन्हा आले.

तेवढ्यात एक माणूस आत आला. कडक इस्त्रीचा शर्ट, चापून पाडलेला भांग, आणि बोलणं साखरेत घोळलेलं. मी मुलीचा मामा, म्हणाला, आणि कार्ड ग्रंथपालांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि मला हाक मारली, चिमणीला पाठवा हो, न्यायला आलेत.

चिमणीनं मान वर केली. ती रडली नाही की ओरडली नाही. उठली, माझ्या मागे आली आणि माझ्या पाठीत तोंड खुपसून उभी राहिली.

"मी देणार नाही," मी म्हटलं.

ग्रंथपालांनी मला बाजूला घेतलं आणि समजूत घालायला लागले. कार्ड खरं आहे, आईनंच दिलं असणार, उगाच तमाशा कशाला. माझं टाळकंच सरकलं. म्हटलं, तुमचा नियम घाला चुलीत आणि आधी तो दोरा बघा. गाठ तशीच होती. दोरा मधोमध तुटला होता.

"मामा नाहीत ते," पाठीमागून बारीक आवाज आला. "बाबा आहेत."

ग्रंथपालांच्या तोंडचं पाणी पळालं. मी पोरीला एका हाताने धरून शिंप्याला फोन लावला. तो म्हणाला, ती तर दुपारीच गेली, तिचा नवरा बोलवायला आला होता. मी त्याला म्हटलं, पोलिसांना घे आणि आधी तिच्या घरी धाव.

त्या माणसानं सगळं ऐकलं. रागावला नाही, पळालाही नाही. मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसला आणि चिमणीचं उघडं पुस्तक मांडीवर घेऊन चित्रं बघू लागला.

"सावकाश होऊ द्या," पान उलटत तो म्हणाला. "मला घाई नाही. तिची आई काही आता यायची नाही."

मी चिमणीचे कान झाकले, पण तिनं ऐकलं होतं.