उलटा बाण

गोडबोल्याने मला खुर्ची दिली, चहा दिला, वर 'ताई' म्हणाला, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. कंपनीचा माणूस सरकारी वेल्डिंग तपासनिसाला उगाच ताई म्हणत नाही!

लाटांपासून वीज काढायची आमची योजना चार वर्षं रखडलेली. खर्च निम्मा सरकारचा, निम्मा कंपनीचा. पण कंपनीने आपला वाटा आधी उभा करून दाखवायचा, मगच सरकारचा सुटायचा. कंपनीचा वाटा म्हणजे लाटेवर वरखाली होणारा पोकळ लोखंडी ढोल. तो धक्क्यावर ठेवला होता, पिवळाधमक. 'नवा आहे, सांधे पक्के आहेत' या छापील ओळीखाली माझी सही, तिच्याखाली आमच्या स्टोअरकीपरची, की झालं.

"नव्या मालाला पोचे कसे पडले हो?" मी विचारलं.

"ताई, ने-आण करताना लागतंच की." आणि हसला. कामाच्या वेळी हसणारी माणसं मला मुळीच आवडत नाहीत.

मी ढोलाखाली शिरले. आमच्या सरकारी वर्कशॉपात प्रत्येक वेल्डर आपल्या सांध्याशेजारी स्वतःची खूण ठोकतो. इथे नेमक्या त्याच जागा ग्राइंडरने घासलेल्या. कुठंतरी पाणी मुरत होतं. शेवटच्या सांध्यावरचा रंग नखाने खरवडला, आणि खाली बाण निघाला. उलटा.

तपासनीस होण्याआधी मी तिथेच वेल्डर होते, आणि बाण ही माझी खूण. टोक सांध्याकडे हवं. मी डावखुरी, नेहमी उलटाच ठोकायचे. अख्खं वर्कशॉप हसायचं. म्हणजे हा ढोल आम्हीच केलेला, तीन वर्षांपूर्वी, सरकारच्या पैशाने! रजिस्टरात तर 'वादळात बुडाला' अशी नोंद होती. खाली सही स्टोअरकीपरची. स्टोअरकीपर म्हणजे माझा सख्खा दादा.

फॉर्म उचलला आणि तडक स्टोअर गाठलं.

"दादा, तो ढोल बुडाला होता ना?"

"बुडाला गं."

"मग धक्क्यावर आला कसा? पोहत?"

त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "घरी बोलू."

"इथेच बोल."

"मीच दिला तो कंपनीला. दोन महिन्यांनी रिटायर होतोय मी, छकुले. तू सही केली नाहीस तर चौकशी लागेल, पेन्शनवर पाणी. कर आणि विसरून जा."

माझं डोकंच फिरलं. "खुणा कोणी घासल्या?"

"मीच."

"मग माझी बरी राहिली?"

"तुझा पहिला सांधा होता तो. मीच शिकवलेला. ग्राइंडर लावला, पण हात धजेना."

रागाने आले होते, आता रडू फुटलं. माझ्या माणसाने माझ्यापायी स्वतःचाच गळा कापून घेतला होता. तरी मी फॉर्म पुढे ओढला, 'नवा' खोडलं आणि लिहिलं: ढोल सरकारी, तीन वर्षांपूर्वीचा. खूण उलटा बाण, माझाच. सही केली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

दादाने चष्मा लावून तो दोनदा वाचला.

"किती वेळा सांगितलं होतं, सरळ ठोकत जा म्हणून," तो म्हणाला, आणि माझ्या सहीखाली सही केली.